पट घटला म्हणजे शाळा बिघडली?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक हातात वही घेऊन घरोघर फिरू लागतात. 'दाखलपात्र' मुलांची यादी करायची, पालकांना गळ घालायची आणि जूनमध्ये पट टिकवायचा, हा त्यांचा दर वर्षीचा उद्योग. 'गुढीपाडवा, पट वाढवा' ही घोषणा याच धडपडीतून आली. त्याच रस्त्यावर इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा फलक लागलेला असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत शंभर टक्के निकाल लिहिलेला असतो. चौकात उभा असलेला पालक हे दोन्ही पाहतो आणि मनाशी निष्कर्ष काढतो : सरकारी शाळेत मुले राहिली नाहीत, म्हणजे तिथे शिकवत नसणार, खासगी शाळेचा निकाल चांगला, म्हणजे तिथे चांगले शिकवत असणार.

हा निष्कर्ष केवळ पालकच काढतात असे नाही. केंद्रप्रमुखांच्या बैठकीत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि शासनाच्या आदेशांतही शाळेचे मोल पट आणि निकाल या दोनच आकड्यांनी ठरते. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न मात्र असा : ही मोजपट्टी नेमके काय मोजते? ताप किती आहे हे पाहण्यासाठी आपण तराजू वापरत नाही. शाळेच्या बाबतीत आपण तसेच काहीसे तर करत नाही ना?

पट कशाने घटतो?

पट म्हणजे एक गुणाकार आहे. गावात शाळेच्या वयाची मुले किती, आणि त्यांपैकी किती हिस्सा आपल्या शाळेत येतो, या दोन संख्यांचा तो गुणाकार. हिस्सा कमी झाला तर पट घटतो हे सर्वांना दिसते. मुलेच कमी झाली तरी पट घटतो, हे सहसा कोणी पाहत नाही.

महाराष्ट्रात एका स्त्रीमागे होणाऱ्या अपत्यांचे सरासरी प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते १.७ पर्यंत खाली आले. याचा अर्थ पिढीगणिक पहिलीच्या दारात येणारी मुलेच कमी होत आहेत. शिवाय कामासाठी शहराकडे गेलेली कुटुंबे मुलांनाही बरोबर नेतात.

एक उदाहरण करून पाहू. समजा, एका गावात वीस वर्षांपूर्वी सहा वर्षांची २०० मुले होती आणि त्यांतील ७० टक्के, म्हणजे १४० मुले, जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल झाली. आज त्या वयाची मुले १३० आहेत आणि शाळेचा हिस्सा ६० टक्के आहे. म्हणजे दाखल झाली ७८. पट ६२ ने घटला. 'निम्मी शाळा रिकामी झाली' अशी हाकाटी सुरू झाली. आता हिस्सा पूर्वीइतकाच, म्हणजे ७० टक्के, राहिला असता तर किती मुले आली असती? ९१. म्हणजे ६२ पैकी ४९ ची घट मुलेच कमी जन्मल्यामुळे आहे आणि केवळ १३ ची घट पालकांनी दुसरी शाळा निवडल्यामुळे. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. आपल्या गावाचे खरे आकडे जन्मनोंदवहीत, अंगणवाडीच्या यादीत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पडून आहेत. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एका दुपारी हा हिशेब करायला द्यावा. गणिताचा टक्केवारीचा पाठ इतका जिवंत क्वचितच होईल.

याचा अर्थ शिक्षकांनी हात झटकावेत असा नाही. १३ ही संख्याही खरी आहे. पण ४९ ची घट प्रवेशोत्सवाने भरून निघणार नाही. ती भरून काढण्यासाठी शेजारच्या वस्तीवरील शाळेची मुले आपल्याकडे ओढली, तर एका शाळेचा पट वाढतो आणि दुसरीचा घटतो. मुले तेवढीच राहतात.

उलट दिशांना गेलेले दोन आलेख

पट हा शाळेच्या दर्जाचा कौल असेल, तर दर्जा सुधारला की पट वाढायला हवा आणि दर्जा घसरला की पट घटायला हवा. ही अपेक्षा तपासून पाहण्याची एक संधी आपल्याला मिळाली आहे.

'प्रथम' या संस्थेने २००५ साली 'असर' नावाची पाहणी सुरू केली. तिची पद्धत सोपी आहे. प्रत्येक जिल्ह्यातून ३० खेडी आणि प्रत्येक खेड्यातून २० घरे निवडतात. स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना वाचायला देतात : आधी अक्षरे, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात अंक ओळखण्यापासून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत आणि एका अंकाने भागाकारापर्यंत. चाचणी शाळेत न घेता घरी घेतात, त्यामुळे गैरहजर राहणारे, शाळा सोडलेले, सरकारी आणि खासगी अशी सर्व मुले एकाच मापाने मोजली जातात.

या पाहणीतील देशभरच्या ग्रामीण भागाचे आकडे पाहा. ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळांत जाणारी मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आली. आता सरकारी शाळांतील तिसरीची किती मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती ते पाहू. २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के.

हे दोन आलेख वहीत एकाखाली एक काढून पाहा. सरकारी शाळांचा वाटा वाढला तेव्हा वाचन घसरले. वाटा कमी झाला तेव्हा वाचन सुधारले, इतके की ते २०१८ च्याही पुढे गेले. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. कोविडच्या साथीत अनेक कुटुंबांचे उत्पन्न आटले आणि कमी फी घेणाऱ्या कित्येक खासगी शाळा बंद पडल्या, म्हणून मुले सरकारी शाळांत आली. त्याच काळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, म्हणून वाचन खालावले. पुढे घरची घडी बसली तशी मुले परत गेली. मागे राहिलेल्या मुलांचे वाचन मात्र सुधारत होते.

पट आणि शिकणे यांचा काहीच संबंध नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. पण पटाची हालचाल घरचे उत्पन्न, गाडीची सोय, इंग्रजीची ओढ आणि समाजातील प्रतिष्ठा यांनी ठरते, आणि शिक्षक काय शिकवतो हे त्यातील एक लहानसे कारण असू शकते, एवढे मात्र नक्की दिसते. तालुक्याच्या गावी आणखी एक कारण असते. खासगी शाळा मुलाला तिसऱ्या वर्षी नर्सरीत घेते. आपली शाळा त्याची वाट सहाव्या वर्षापर्यंत पाहते. पहिलीत प्रवेश देण्याची वेळ येते तेव्हा ते मूल तीन वर्षे दुसऱ्याच गणवेशात वावरलेले असते. अशा वेळी पहिलीच्या शिक्षकाच्या कौशल्याची परीक्षा होतच नाही.

खासगी शाळेतील मूल पुढे का दिसते?

कोणी म्हणेल, 'असर'च्याच पाहणीत खासगी शाळांतील मुले वाचनात पुढे आहेत, त्याचे काय? ती पुढे आहेत हे खरे आहे. प्रश्न आहे तो कारणाचा. फी भरू शकणाऱ्या घरात आई शिकलेली असण्याची, पुस्तके असण्याची आणि शिकवणी लावण्याची शक्यता अधिक असते. दोन कुंड्यांपैकी एकीत चांगली माती आणि दुसरीत मुरूम घातला, तर रोपाच्या वाढीचे श्रेय पाणी घालणाऱ्या माणसाला देता येत नाही. प्रयोगात पाणी बदलायचे असेल तर माती सारखी हवी.

माती सारखी ठेवण्याचा असा प्रयोग २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुरू झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. १८० खेड्यांतील सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना विचारले, की खर्च मिळाला तर मुलाला खासगी शाळेत घालाल का? इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून काही मुले निवडली. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुले अशा प्रकारे घरची स्थिती, आईचे शिक्षण, पालकांची हौस या सर्व बाबतींत सरासरीने सारखी झाली. फरक उरला तो फक्त शाळेचा.

दोन आणि चार वर्षांनी तपासले तेव्हा तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेतील मुले पुढे होती. तिथे हिंदीला वेळही जास्त दिला जात होता. या प्रयोगाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. खासगी शाळांनी तेलुगू-गणिताला कमी तास दिले होते आणि त्यांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. एवढ्यात त्यांनी तेवढेच साधले. सरकारी शाळेची बाजू घेणाऱ्यांनी हे विसरू नये. पण 'तिथे घातले की मूल हुशार होते' हा चौकातील समज त्या प्रयोगात टिकला नाही, हेही तितकेच खरे.

शंभर टक्के निकालाच्या फलकाकडेही याच नजरेने पाहावे. शंभर टक्के कशाचे? परीक्षेला बसवलेल्या मुलांचे. शिष्यवृत्तीला किती जणांना बसवले, नववीत कोणाला दाखला काढून न्यायला सांगितले, दहावीला कोणाला बाहेरून बसायला लावले, हे फलकावर येत नाही. अपूर्णांकाचा छेद झाकून अंश दाखवला तर अपूर्णांक कळत नाही, हे आपण पाचवीत शिकवतो.

नाणी उडवून पाहा

लहान शाळांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती निव्वळ गणिताची आहे. वर्गात ३० मुले असतील तर प्रत्येकाला एक नाणे दहा वेळा उडवायला सांगा आणि किती वेळा छापा पडला ते लिहून घ्या. साधारण पाच मुलांना सात किंवा त्याहून जास्त छापे मिळतील आणि साधारण पाच मुलांना तीन किंवा त्याहून कमी. आता दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्या शंभर फेकी एकत्र मोजा. सत्तर छापे मिळवणारा गट सापडणार नाही; बहुतेक गट चाळीस ते साठ यांमध्येच असतील. नाणे तेच, उडवणारी मुले तीच. फेकी कमी असल्या की टक्केवारी दोन्ही टोकांना उडते, एवढेच.

अठराव्या शतकात आब्राहाम द म्वाव्र या गणितज्ञाने याचा नियम मांडला. सरासरीतील चढउतार संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मुले चौपट झाली की चढउतार निम्मा होतो. ज्या वर्गात आठच मुले आहेत तिथे एका मुलाचे वजन साडेबारा टक्के. एक मूल परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणले तर शाळा 'घसरली'. पुढच्या वर्षी दोन तल्लख मुले आली तर शाळा 'आदर्श' झाली. शिक्षक दोन्ही वर्षी तोच होता आणि तसाच शिकवत होता.

हा नियम विसरल्याची किंमत मोठ्या देशांनीही मोजली आहे. अमेरिकेत उत्तम गुणांच्या शाळांच्या यादीत लहान शाळा अधिक दिसतात, म्हणून शाळा लहान करण्याच्या मोहिमेवर गेट्स फाउंडेशनने प्रचंड पैसा खर्च केला. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हानिया राज्यातील पाचवीचे गुण तपासले, तेव्हा लहान शाळा यादीच्या वरच्या टोकाला जशा अधिक होत्या, तशाच खालच्या टोकालाही अधिक आढळल्या. खालची बाजू कोणी पाहिलीच नव्हती. २००९ मध्ये बिल गेट्स यांनीच आपल्या वार्षिक पत्रात लिहिले, की पैसा दिलेल्या अनेक लहान शाळांत अपेक्षित सुधारणा झाली नाही.

आपल्याकडे चूक उलट दिशेने होण्याची भीती आहे. २०२३ मध्ये राज्यात वीसपर्यंत पट असलेल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला. तेव्हा अशा शाळा सुमारे १४ हजार ७०० होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा. यांतील पुष्कळ शाळा आपल्यासारख्याच गावांभोवतीच्या वाड्यांवर आणि पाड्यांवर आहेत. अशा शाळेचा एखाद्या वर्षाचा निकाल दाखवून ती चांगली किंवा वाईट ठरवणे म्हणजे आठ नाणी उडवून नाणे खोटे ठरवण्यासारखे आहे.

आकडाच लक्ष्य झाला की

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात एक इशारा दिला होता. एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडत जाईल, आणि ज्या कामाचे मोजमाप करायचे ते कामही बिघडेल. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. शिक्षकांची पदे आणि अनुदान पटावर ठरतात, म्हणून कागदावरील पट फुगत गेला. शेवटी ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी करावी लागली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. मुलांची मोजणी करण्यासाठी शाई लागावी, यात मुलांचा काय दोष होता?

दुसरे बिघडणे हळू चालते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ झाली की तीन. राज्याच्या संचमान्यतेच्या निकषांत तपशील बदलत राहिले, तरी अशा पायऱ्या कायम राहिल्या. ६२ चा पट ५९ झाला तर मुले पाच टक्क्यांनी घटतात, शिक्षक मात्र एक तृतीयांशाने. उरलेले दोघे पाच वर्ग सांभाळतात. बहुवर्ग अध्यापनाचा ताण पालकांना दिसतो आणि आणखी चार मुले निघून जातात. त्यामुळे पुढच्या पायरीवरचे पद धोक्यात येते. ध्वनिक्षेपकासमोर सूक्ष्मध्वनिग्राहक धरला की शिट्टी वाढत जाते, तशीच ही घसरण स्वतःलाच वाढवत नेते. सुरुवात कदाचित जन्म कमी झाल्यामुळे झालेली असते. शेवट 'शिक्षक शिकवत नाहीत' या ठपक्यात होतो.

'असर'कडून काय घ्यावे?

'असर'ची टीका करताना तिचे ऋण मान्य केले पाहिजे. मूल शाळेत आहे म्हणजे ते शिकते आहे, हा आपला भाबडा समज तिने मोडला. तिची चाचणी कोणत्याही शिक्षकाला समजते आणि करता येते. पण तिच्या मर्यादाही ओळखाव्यात. ती फक्त ग्रामीण भागाची आहे. जनगणनेत शहर म्हणून नोंदलेले तालुक्याचे गाव तिच्या नमुन्यात येतच नाही. तरीही तिचा मथळा त्या गावच्या शाळेवरही चिकटवला जातो. एका जिल्ह्यातील ६०० घरांवरून गावातील एका शाळेविषयी काही बोलता येत नाही, आणि तसा दावा ती पाहणी करतही नाही. ती पायाभूत वाचन आणि गणित तपासते. मूल प्रश्न विचारते का, निरीक्षण नोंदवते का, हे तिच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून तिचा निष्कर्ष गावावर लादू नये. तिची रीत मात्र उचलावी.

मग मोजायचे काय?

आपल्या शाळेपुरत्या तीन नोंदी ठेवता येतील. पहिली, गावातील सहा वर्षांची सर्व मुले यंदा कुठे आहेत याची. पट ही संख्या न लिहिता हिस्सा लिहावा, म्हणजे घट कशामुळे झाली ते कळेल. दुसरी, त्याच मुलांची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची वाचन-गणिताची पातळी. जुलैमध्ये जे मूल अक्षरांवर अडखळत होते ते मार्चमध्ये परिच्छेद वाचू लागले, तर ते शाळेचे काम. जे मूल गोष्ट वाचतच शाळेत आले आणि गोष्ट वाचतच गेले, त्याचे श्रेय शाळेने घेऊ नये. तिसरी, पटावरील मुलांपैकी रोज हजर किती याची. ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेली मुले पटावर असतात, वर्गात नसतात. आणि वर्ग लहान असेल तर एका वर्षावरून काहीही ठरवू नये. तीन वर्षांच्या मुलांचे आकडे एकत्र करावेत.

या नोंदी हाती असल्या तर शाळा मिळवण्याचा प्रश्नही नीट विचारता येईल. बारा मुलांच्या शाळेत सोबत्यांशी चर्चा नाही, गटकाम नाही, खेळाला संघ नाही, या अडचणी खऱ्या आहेत. काही ठिकाणी शाळा एकत्र करणे मुलांच्या हिताचेही असेल. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, हा नियम सहा वर्षांच्या पायांचा विचार करून केलेला आहे. ओढा ओलांडून जावे लागणारी मुलगी पावसाळ्यात किती दिवस हजर राहील, तिची प्रगती आज किती होते आहे आणि मोठ्या शाळेत तिच्यासारख्या मुलांची किती होते, हे विचारून निर्णय घ्यावा. केवळ पट वीसच्या खाली गेला, हे शाळा बंद करण्याचे कारण होऊ शकत नाही. तशी वेळ आपल्या शेजारच्या वस्तीवर आली, तर ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत कोणीतरी पटाच्या आकड्यापुढे दुसरे आकडे मांडले पाहिजेत. ते गोळा करण्याचे काम शिक्षकांखेरीज दुसरे कोणी करणार नाही.